रोझा वन: पत्रिका, पाटी, मुखपृष्ठ. कुठं खुलतो, कुठं तुटतो?

अक्षरवेल (लातूर)

यंदाच्या लग्नपत्रिकांवर रोझा वन फार दिसायलाय. अक्षर देखणं आहे यात वाद नाही. पण पुष्कळदा ते नको त्या आकारात, नको त्या छपाईत गेलेलं असतं आणि मग 'फॉन्टच कच्चा आहे' असा शिक्का बसतो. आपल्या मराठवाड्यातली डीटीपी, फॉईल (सोनेरी-चंदेरी पन्नीची छपाई), पाट्या करणारी जाणती मंडळी इथं आहेत. सगळी माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा काढते.

थोडक्यात ओळख: इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ मध्ये काढलेला, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपी असलेला फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा, म्हणजे पत्रिका, लोगो, पाटी, पुस्तक असं कुठलंही व्यावसायिक काम करता येतं, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. वजन एकच. बोल्ड, लाइट असं काही नाही. उभे दंड भरदार आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा एकदम बारीक, या फरकातच त्याची सगळी ऐट आहे.

माझं मत असं की हा फॉन्ट दोन-चार शब्दांपुरताच वापरावा. पत्रिकेत वधूवरांची नावं, 'शुभविवाह', आणि फार तर वरचं '॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥'. मुहूर्त, विवाहस्थळ, निमंत्रक, आपले विनीत, खालचं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' हेही त्यातच बसवलं की पान काळं पडतं. लहान आकारात बारीक रेषा नाहीशा होतात आणि नुसते जाड दंड उरतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांच्यातला फरक छोट्याशा गाठीवर नाहीतर एका आडव्या-तिरक्या रेषेवर असतो, आणि नेमकं तेच आधी बुजतं. मग वाचणारा शब्द अंदाजानं ओळखतो. आडनावांच्या बाबतीत असा अंदाज चालत नाही.

विचारायचं ते असं: छपाईच्या पद्धतीनुसार किमान आकार किती ठेवायचा? मराठी जोडाक्षरं कशी तपासायची? सोबत कुठला फॉन्ट द्यायचा? आणि पाटीवर हा चालतो का?

फॉईल_डाय (जालना)

ताई, किमान आकार एका आकड्यात सांगता येत नाही. फॉन्टमधली सर्वांत बारीक रेष किती आणि मशिनला झेपणारी रेष किती, हे दोन्ही ताडून पाहावं लागतं.

रीत सांगतो. पत्रिकेत येणारी खरी नावं १०० पॉइंटला टाइप करा. कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा. खूप झूम करून सर्वांत बारीक जागा शोधा. शिरोरेषा, 'ष'च्या पोटातली रेष, 'र'चा पाय, रफाराचं आणि वेलांटीचं टोक, 'श्र'चा जोड, एवढं बघितलं तरी पुरतं. त्या जागी एक छोटा आयत बरोबर बसवा आणि त्याची रुंदी वाचा. समजा १.२ पॉइंट भरली, तर बारीक रेष म्हणजे आकाराच्या १.२ टक्के. फॉईलची डाय, म्हणजे ठसा, पाव मिलिमीटर म्हणजे साधारण ०.७ पॉइंटची रेष सुखरूप देते. ०.७ ला १.२ नं भागा, १०० नं गुणा, ५८ येतात. म्हणजे ही नावं फॉईलमध्ये ५८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. १.२ हा आकडा फक्त उदाहरणाचा. प्रत्येक मजकुराचं मोजमाप वेगळं निघतं, कारण 'आकाश'मध्ये न येणारी बारीक जागा 'हृषीकेश'मध्ये येते.

मशिनला काय झेपतं ते आता. पांढऱ्या आर्ट कार्डवर एकरंगी ऑफसेटला पाव पॉइंटची रेष निघते. तीच गडद रंगातून पांढरी सोडायची असेल तर अर्धा पॉइंट हवी, कारण शाई दोन्ही बाजूंनी आत सरकते. पत्रिकेचा मरून जर चार रंगांतून बनवलेला असेल आणि त्यातून अक्षर पांढरं काढायचं असेल तर पाऊण ते एक पॉइंट. चारपैकी एक प्लेट केसभर सरकली तरी बारीक रेष त्या रंगानं भरून जाते. यावर साधा उपाय म्हणजे मरून हा वेगळा स्पॉट रंग म्हणून एकाच प्लेटवर घ्यायचा.

स्क्रीन प्रिंटिंगला सेंटीमीटरमागं १२० धाग्यांची जाळी धरली तर गुळगुळीत कार्डावर ०.३ मिलिमीटर आणि हँडमेड कागदावर अर्धा मिलिमीटर. सोनेरी-चंदेरी शाईला याहून जास्त लागतं. त्या शाईतली भुकटी जाड असते, ती बारीक जाळीत तुंबते आणि रेष मधेच तुटते. जाळी मोकळी घेतली तर रेषेच्या कडा करवतीसारख्या येतात. म्हणून सोनेरी अक्षर बारीक हवं असेल तर स्क्रीनचा आग्रह सोडून सरळ फॉईल घ्यावं.

फॉईलमध्ये दोन गोष्टी बिघडतात आणि दोन्हींची कारणं उलटी आहेत. पहिली, अक्षराच्या पोकळ्या भरतात. 'क', 'फ', 'ठ्ठ', 'द्ध' यांच्या पोटात सोनं साचतं. तापमान जास्त, दाब जास्त किंवा डाय कागदावर जास्त वेळ टेकली, यांपैकी काहीतरी असतं. आधी तापमान थोडं उतरवा, मग दाब. दोन्ही एकदम बदललं तर नेमकं कशानं बिघडलं होतं ते कळत नाही. दुसरी, बारीक रेष उठतच नाही. बहुतेकदा कागद खरबरीत असतो किंवा खालचं पॅकिंग (कागदाखालचा थर) त्या जागी दबलेलं असतं. तेव्हा दाब सगळीकडे वाढवायचा नाही, कारण मग जाड दंड कागदात रुततात आणि मागून उठाव दिसतो. जिथं रेष येत नाही तेवढ्याच जागी पॅकिंगखाली पातळ कागदाचा तुकडा द्यायचा. रेषांमधली मोकळी जागा ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मात्र मशिनवर काहीही केलं तरी ती भरणारच. ते काम आर्टवर्कमध्येच व्हायला हवं.

अक्षरवेल

फॉईल_डाय, एकदम नेमकं. बारीक रेष कमी पडतेय म्हणून बरेच जण कर्व्हला सगळीकडून आउटलाइन लावतात. ते योग्य वाटतं का?

फॉईल_डाय

नाही. आउटलाइननं जाड दंडही तेवढाच फुगतो, पोकळ्या बुजतात आणि जाड-बारीक फरक कमी झाल्यानं अक्षराचं सौंदर्यच जातं. द्यायचंच असेल तर ०.०५ मिलिमीटरचा कंटूर (कडेबाहेरची वाढ), त्याच्या पुढं नाही. त्यानं भागत नसेल तर आकार वाढवा. दोन नावं एका ओळीत बसत नसतील तर एकाखाली एक घ्या, मधे 'आणि' लहान दुसऱ्या फॉन्टमध्ये. आकार वाढवायला जागा होते आणि पत्रिका उघडल्याबरोबर नावच दिसतं.

जुळारी (अंबाजोगाई)

जोडाक्षरांबद्दल. फॉन्ट आवडला की माणूस 'शुभविवाह' टाइप करून बघतो आणि पसंत करतो. त्या शब्दात एकही जोडाक्षर नाही. त्यानं परीक्षा होत नाही. मी सुचवतो ते शब्द टाका:

विठ्ठल, ज्ञानेश्वर, श्रद्धा, पद्मिनी, विद्या, अद्वैत, हृषीकेश, शर्मिष्ठा, लक्ष्मण, आल्हाद, ब्रह्मे, ऋतुजा, गऱ्हाणे, कुऱ्हाडे, ॲड., डॉ., घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, कीर्तींचा.

यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट तपासतो. 'विठ्ठल'मध्ये 'ठ'खाली 'ठ' लटकतो, तो खालच्या ओळीवर आदळतो का ते कळतं. 'शर्मिष्ठा'मध्ये वेलांटी आणि रफार एकाच वेळी डोक्यावर येतात. 'कीर्तींचा'मध्ये दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघंही एकाच अक्षरावर बसतात. जाड-बारीक फॉन्टमध्ये हे तिघं एकमेकांत मिसळून डाग तयार होतो का, ते छापील नमुन्यावर बघायचं, पडद्यावर नाही. 'हृ' वेगळा उभा राहतो की मोडतो? 'द्ध', 'द्म', 'द्य', 'द्व' जोडून येतात की 'द' पायमोडा राहतो?

'गऱ्हाणे', 'कुऱ्हाडे' यांतला अर्धा 'ऱ' मराठीला हवाच. तो 'र्ह' म्हणून डोक्यावर रफार होऊन गेला तर आडनाव बिघडलं. टाइप करताना युनिकोडमधलं (संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमवार यादीतलं) ०९३१ क्रमांकाचं 'ऱ', मग पायमोड, मग 'ह', असा क्रम द्या. तरीही रफारच दिसला तर त्या फॉन्टमध्ये किंवा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय नाही. मग हे एक आडनाव दुसऱ्या फॉन्टमध्ये घालण्यापेक्षा सगळी नावंच दुसऱ्या फॉन्टमध्ये घ्या. एका पत्रिकेत एकच नाव वेगळ्या वळणाचं दिसलं तर ते घरच्यांना बोचतं.

'ॲ' लिहिताना 'अ' आणि वर चंद्र असे दोन तुकडे जोडू नका. 'ॲ'ला स्वतंत्र स्थान आहे, ०९७२ वर. दोन तुकड्यांचा जोड जाड फॉन्टमध्ये शिरोरेषेवर चढतो.

शेवटचं 'ल' आणि 'श' यांचं. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' दिलेत. बरेच देवनागरी फॉन्ट मुळात हिंदी वळण देतात आणि मराठी वळण आत दडलेलं असतं. मजकुराची भाषा मराठी ठरवली तरच ते वर येतं. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधून भाषा मराठी निवडा, लिब्रे ऑफिसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी करा. बदल झाला नाही तर त्या फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत असं समजायचं. 'लातूर', 'शिंदे', 'शीतल' हे शब्द दोन्ही प्रकारे छापून शेजारी ठेवा, डोळ्याला लगेच कळतं.

परभणी_डीटीपी

लोकहो, दोन अडचणी. श्रीलिपीत टाइप केलेला जुना मजकूर निवडून रोझा वन लावला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होतीय. अन् कोरलड्रॉमध्ये नव्यानं टाइप केलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येतीय, जोडाक्षरं फुटायलीत. कामून होतंय असं? कोरल जुनं हाय.

जुळारी

भाऊ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली अशी की श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी चिन्हंच आहेत. रोझा वन युनिकोडचा, त्यामुळं तो त्या जागी जे आहे तेच प्रामाणिकपणे दाखवतो. आधी कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये न्या, मगच फॉन्ट लावा. कन्व्हर्ट झाल्यावर चार जागा डोळ्यांखालून घाला: रफार एक अक्षर पुढंमागं सरकलेला, 'ऱ्य', 'ऱ्ह'चा 'र्य', 'र्ह' झालेला, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आलेला, आणि '॥'च्या जागी इंग्रजी उभ्या रेघा आलेल्या. 'नमः' आणि 'चि. सौ. कां.' या दोन जागा तर नक्की बघा. पत्रिकेत त्या हमखास असतात आणि रोज वाचून डोळा त्यावर थांबत नाही.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. कोरल एक्स५ आणि त्याच्या आधीच्या आवृत्त्या देवनागरीची जुळणी करत नाहीत. एक्स६ पासून सोय आली. नवं घेणं शक्य नसेल तर इंकस्केप मोफत आहे. त्यात देवनागरी बरोबर जुळते. नावं तिथं टाइप करा, पाथमध्ये (कोरलमधले कर्व्ह तेच) बदला, पीडीएफ किंवा एसव्हीजी करून कोरलमध्ये आणा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडून प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर आहे.

पाथमध्ये बदलण्याआधीची टाइप केलेली प्रत मात्र वेगळी ठेवा. मुहूर्ताची वेळ आणि नावातला ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या दिवशी बदलतोच.

परभणी_डीटीपी

वेलांटी जमली इंकस्केपमध्ये, लई उपकार. आता अजून एक. नाव कमानीत बसवायचंय, गणपतीच्या वरून. मजकूर पाथवर, म्हणजे वाकड्या रेषेवर टाकला की शिरोरेषा अक्षरागणिक फाटायलीय.

जुळारी

मजकूर पाथवर टाकला की प्रत्येक अक्षर सुटं होऊन वेगळ्या कोनात फिरतं. रोमनमध्ये अक्षरं सुटीच असतात म्हणून ते खपतं. आपल्याकडं वरच्या रेषेत पाचरीसारख्या फटी पडतात, आणि कमान जितकी वाकडी तितकी फट मोठी. म्हणून सरळ ओळीत टाइप करा, कर्व्ह करा, सगळी अक्षरं वेल्ड करून एकसंध आकृती बनवा आणि मग एन्व्हलप या साधनानं अख्खी आकृती वाकवा. शिरोरेषा अखंड वळते. कमान उथळ ठेवा. फार वाकवलं तर वरचं टोक ताणलं जातं, खालचं आवळतं, आणि जाड-बारीक प्रमाण बिघडतं.

याच कारणानं अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. 'हवेशीर' दिसावं म्हणून ट्रॅकिंग देतात आणि शिरोरेषेच्या चिंध्या होतात. शब्दांमधलं अंतर हवं तितकं वाढवा, अक्षरांमधलं नाही. आडवं ताणूनही मोठं करू नका. ताणलं की उभे दंड फुगतात, आडव्या रेषा होत्या तेवढ्याच राहतात.

पाटी_नांदेड

वेल्डचा मुद्दा पाटीसाठी तर दुप्पट महत्त्वाचा. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर किंचित चढवलेली असतात, फट पडू नये म्हणून. छपाईत ते दिसत नाही. विनाईल कटिंग प्लॉटर मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो, म्हणजे शिरोरेषेत प्रत्येक जोडावर आडवा काप. विनाईल सोलताना तिथंच तुकडे निघतात. आउटलाइन व्ह्यूमध्ये बघा, शिरोरेषेत आडव्या रेघा दिसल्या तर वेल्ड राहिलंय.

आता रोझा वन पाटीवर चालतो का? दुकान कुठलं आणि पाटी किती लांबून वाचायची, यावर. सराफा, पैठणी-साड्यांचं दालन, मिठाई, अत्तर, फोटो स्टुडिओ यांना शोभतो. दवाखाना, मेडिकल, हार्डवेअर, खतं-बियाणं यांना नको. तिथं माणूस घाईत असतो, त्याला शब्द एका नजरेत कळायला हवा.

अंतराचा ढोबळ हिशोब: १० फुटांमागं अक्षराची उंची एक इंच धरायची. ६० फुटांवरून, म्हणजे रुंद रस्त्याच्या पलीकडून वाचायचं तर ६ इंच. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या बुडापर्यंत मोजायची, वेलांटी-उकार सोडून. फाइलमधल्या चौकटीची उंची धरली तर अक्षर प्रत्यक्षात लहान भरतं आणि ग्राहक भांडायला येतो. जाड-बारीक फॉन्टला यावर निम्मी भर घाला, म्हणजे ९ इंच.

लातूरच्या गंजगोलाईसारख्या गोल बाजारात पाटी समोरून कमी आणि तिरकी जास्त दिसते. तिरकं बघताना रुंदी आवळते, उंची तेवढीच राहते. भरदार दंड एकमेकांजवळ येतात आणि मधल्या पोकळ्या मिटतात. अंतर वाढवून उपाय करता येत नाही हे वर आलंच आहे. अशा जागी रोझा वनपेक्षा यात्रा वन बरा पडतो. मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतलाय, त्याची सर्वांत बारीक रेषही अंगानं धड आहे.

ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं करायची तर बारीक रेष निदान शीटच्या जाडीएवढी हवी. ५ मिलिमीटरची शीट, ५ मिलिमीटरची रेष. त्याहून बारीक ठेवली तर लेझरच्या उष्णतेनं तिथं वाक येतो किंवा बसवताना मोडते. आतून एलईडी टाकायचे असतील तर रेष दीड इंचाच्या आसपास लागते. तिथं रोझा वनचा विषय संपला, बारीक भागात मोड्यूल जाणारच नाही. मागून प्रकाश सोडायचा असेल, म्हणजे अक्षर भरीव आणि भिंतीवर उजेडाची कड, तर मात्र हा फॉन्ट फार सुरेख दिसतो.

शिरोरेषेमुळं अख्खा शब्द एकसंध तुकडा होतो, ही सोय आहे आणि अडचणही. सोय अशी की खिळे कमी लागतात, ओळ वाकडी होत नाही. अडचण उन्हाची. ॲक्रिलिक मीटरमागं दर अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं. आपल्याकडं जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत पत्र्यावरच्या अक्षराच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे दोन मीटरचा शब्द साडेपाच मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर बारीक शिरोरेषा मधोमध तडकते. एक टोक घट्ट, बाकीची भोकं लांबट आणि सैल ठेवा. चार फुटांपेक्षा लांब शब्द दोन तुकड्यांत करा आणि जोड एखाद्या जाड दंडावर घ्या. अनुस्वार, विसर्ग हे सुटे ठिपके आहेत, त्यांना वेगळी पिन लागते. कोटेशनमध्येच मोजून धरा, नाहीतर बसवायला गेल्यावर कमी पडतात.

कायद्याची बाजू: दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार पाटीवर देवनागरीतलं मराठी हवंच, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. रोझा वनमध्ये रोमन आहे म्हणून दोन्हींना एकच पॉइंट साइज देऊन मोकळे होऊ नका. इंग्रजी कॅपिटलची उंची आणि देवनागरी अक्षराची शिरोरेषेपासून बुडापर्यंतची उंची प्रत्यक्ष मोजा. सारख्या पॉइंटला देवनागरी सहसा लहान दिसतं.

लिपीवेध (छत्रपती संभाजीनगर)

पाटी_नांदेड यांच्या पोस्टला शंभर टक्के अनुमोदन. माझा थोडा विरोध मूळ निवडीला आहे.

लग्नपत्रिका, धार्मिक ग्रंथाचं मुखपृष्ठ, कीर्तन-सप्ताहाचं पत्रक यांसाठी रोझा वन हा पहिला पर्याय असू नये असं मला मनापासून वाटतं. त्याचा डौल युरोपातल्या छापील शीर्षकाच्या अक्षरांचा आहे, उभं जाड आणि आडवं बारीक. आपल्या पोथ्यांतलं अक्षर बोरूचं. बोरूची जीभ तिरकी तासलेली, त्यामुळं जाडी-बारीकी तिरकी फिरते, गोलाईत हळूहळू भरते आणि हळूहळू उतरते. ज्या प्रदेशात महानुभावांच्या पोथ्या लिहिल्या गेल्या, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिथल्या पत्रिकेवर हे वळण जास्त आपलं दिसतं.

असा फॉन्ट हवा असेल तर 'एक टाइप' या संस्थेचा जैनी बघा. १५०३ सालच्या कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या हस्तलिखितावरून तो घेतलाय. त्याचाच जैनी पूर्व हा भाऊ अक्षरांची जुनी रूपं देतो. ग्रंथाच्या शीर्षकाला जुनी रूपं खुलतात, पण पत्रिकेला साधा जैनीच घ्यावा. जुन्या रूपांमुळं नावं वाचताना लोक अडखळतात. दोन्ही मोफत. जैनीची बारीक रेषही बोरूच्या टोकाची, त्यामुळं हँडमेड कागदावर स्क्रीन करताना तो कमी तुटतो.

रोझा वनची खरी जागा म्हणजे दिवाळी अंकाचं नाव, कथासंग्रहाचं मुखपृष्ठ, नाटकाचं पोस्टर, दागिन्यांची जाहिरात, प्रदर्शनाचं निमंत्रण. जिथं शहरी झगमग हवी तिथं त्याला तोड नाही.

आमच्या शहरात मराठी-उर्दू जोडपाट्या आणि जोडपत्रिका बऱ्याच होतात, म्हणून त्याबद्दल. नस्तालीक (उर्दूचं वळणदार अक्षर) आणि रोझा वन एकमेकांशेजारी छान बसतात, कारण दोन्हींत जाड-बारीक ठळक आहे. पण नस्तालीकचा शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरतो आणि देवनागरी सरळ रेषेला टांगलेली असते. म्हणून दोन्हींची तळरेषा जुळवायला जाऊ नका. उर्दू शब्दाची एकंदर उंची मोजून तिचा मध्य देवनागरी अक्षराच्या मध्यावर आणा. उर्दूला उंची निदान दीडपट सोडा, नाहीतर ती चिरडल्यासारखी दिसते. फॉन्ट जमील नूरी नस्तालीक किंवा नोटो नस्तालीक उर्दू. पाटी असेल तर उर्दूचे नुक्ते (ठिपके) सुटे निघतात, त्यांनाही पिना.

अक्षरवेल

लिपीवेध, पोथीचं वळण आणि छापील शीर्षकाचं वळण हा भेद पटला. तरी पत्रिकेत रोझा वन अगदी वर्ज्य मानणार नाही. स्वागत समारंभाचं स्वतंत्र कार्ड असतं, ते अलीकडं साधं, एकरंगी, भरपूर पांढरी जागा सोडलेलं करतात. त्यावर दोन नावं ७० पॉइंटला, बाकी काही नाही, तिथं तो फार उठून दिसतो. विधीची पत्रिका आणि स्वागताचं कार्ड यांना वेगळी अक्षरं दिली तरी बिघडत नाही.

सोबतच्या फॉन्टबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मीच लिहिते. मोठ्या अक्षरात जाड-बारीक इतकं असताना खालच्या मजकुरात परत तसाच चढउतार नको. एकसारख्या जाडीचा मुक्ता बरा. सात वजनं आहेत, त्यातलं रेग्युलर मजकुराला, मीडियम 'मुहूर्त', 'विवाहस्थळ' अशा शीर्षकांना. ११ ते १२ पॉइंट, ओळीचं अंतर १७ ते १८. पारंपरिक चेहरा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी. त्यात मराठीचा 'ल' आणि 'श' मुळातच आहे. त्याला बोल्ड नाही, म्हणून ठळक करायचं ते आकारानं करा, सॉफ्टवेअरचा खोटा बोल्ड दाबू नका.

रोझा वनच्याच दोन ओळी एकाखाली एक असतील तर ओळीचं अंतर आकाराच्या सव्वापट ते दीडपट. ३६ पॉइंटला ४५ ते ५४. वरच्या नावात उकार किंवा 'ठ्ठ' आणि खालच्या नावात वेलांटी-रफार असेल तर दीडपटच. 'विठ्ठल' वर आणि 'कीर्ती' खाली, असं लिहून बघितलं की का ते कळेल.

परभणी_डीटीपी

ताई, आता छापील पत्रिका शे-दोनशे अन् बाकी सगळी व्हॉट्सॲपवर. तिथं हा फॉन्ट धुरकट दिसायलाय. काय मापं धरायची?

फॉईल_डाय

हिशोब तोच, मिलिमीटरऐवजी पिक्सेल. १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र धरा. बारीक रेष दोन पिक्सेलपेक्षा कमी असेल तर व्हॉट्सॲप चित्र दाबताना ती पार्श्वभूमीत विरघळते. वरच्या उदाहरणातला १.२ टक्के घेतला तर २ भागिले १.२ गुणिले १०० म्हणजे १६७ पिक्सेल. नावाचा आकार त्याच्या खाली नको. एवढ्या रुंदीत लांब नाव मावणार नाही, म्हणून इथंही नावं एकाखाली एक, आणि आडव्यापेक्षा उभं चित्र, १०८० बाय १९२०.

रंगानंही फरक पडतो. लालवर सोनेरी किंवा मरूनवर केशरी ठेवलं तर दाबलेल्या चित्रात कडा सर्वांत आधी फाटतात, कारण जेपीईजीमध्ये रंगाचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा जास्त दाबला जातो. फिकट पार्श्वभूमीवर गडद मरून अक्षर ठेवलं की रेषा टिकतात. सोनेरी ग्रेडियंट आणि सावली काढून टाका, बारीक रेषेत ग्रेडियंट दिसतच नाही, नुसती मळकट दिसते.

चित्र पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर दाबलं जात नाही, पण पुढं पाठवणारे ते चित्र म्हणूनच पाठवतात. त्यामुळं आधी स्वतःलाच चित्र म्हणून पाठवा, तिथून पुन्हा दुसऱ्या फोनवर पाठवा आणि साध्या, लहान पडद्याच्या फोनवर उघडून बघा. तिथं 'शर्मिष्ठा' नीट वाचता आलं तर फाइल ग्राहकाला द्या.

परभणी_डीटीपी

करून बघितलं. फिकट पिवळ्यावर मरून, १८० पिक्सेल, ग्रेडियंट काढला. दुसऱ्या फोनवर पण रेषा साबूत. 'ष्ठ'च्या पोटात थोडं भरल्यासारखं वाटतंय.

फॉईल_डाय

२०० करा. नाव दोन ओळींत तोडावं लागलं तर आडनाव खाली घ्या, नाव मधून तोडू नका.